राजसत्ता आणि देवाचा हिशेब
देवाचा आधार मिळाला म्हणजे राजसत्ता निरंकुश होते, असा समज आहे. प्राचीन बाबिलोन निराळे सांगते. इ. स. पू. १८ व्या शतकातील हम्मुराबीच्या शिलास्तंभावर न्यायदेव शमश राजाला अधिकारचिन्हे देताना कोरला आहे. सत्ता दिलेली, म्हणून तिचा हिशेबही देणे आले. उत्तरकालीन विधिग्रंथानुसार नववर्षोत्सवात मुख्य पुरोहित राजाची चिन्हे उतरवून त्याच्या गालावर चपराक मारी. मग राजा मर्दुक देवापुढे नमून, आपण आश्रित नागरिकांवर हात उगारला नाही, असे सांगे.

परंतु त्याच स्तंभावर स्वतंत्राच्या डोळ्याबद्दल डोळा, आणि दासाच्या डोळ्याबद्दल त्याची अर्धी किंमत. दास त्या हिशेबात अर्धाच धरला गेला. राजा नम्र झाला, हे धर्माचे अर्धे कार्य. दुर्बळ पूर्ण माणूस ठरणे, हे उरलेले अर्धे. सुज्ञांनी याचा विचार करावा.