उरलेली चिठ्ठी

दिवाळीसाठी घर झाडायला काढले की आमच्याकडे दरवर्षी एक तंटा ठरलेला असतो. माझ्या टेबलावरचे पाठकोरे कागद, जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे, उलटी करून फाडलेली पाकिटे ही सगळी हिच्या मते रद्दी. माझ्या मते ती टिपणे. यंदा त्या ढिगातून एक चिठ्ठी उचलून हिने विचारले, "अहो, ही कशातली? टाकू का?" मी ती वाचली आणि माझ्याने उत्तर देववेना.

१९२४ साली निघालेल्या आमच्या शाळेला शंभर वर्षे झाली, तेव्हा स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा इतिहास काय सहज लिहीन, असा मंडळींचा समज! मी शिक्षकाच्या सवयीने आधी मुद्दे पाडले: संस्थापकांचा त्याग, सर्वांसाठी उघडे दार, इमारतीची उभारणी, नाव काढलेले विद्यार्थी, पुढील वाटचाल. मग कपाटातली जुनी दप्तरे काढली, शेरेबुके चाळली, म्हाताऱ्या माणसांना भेटलो. साठ-सत्तर चिठ्ठ्या जमल्या. एका रविवारी पंखा बंद करून त्या जमिनीवर मांडल्या आणि ज्या त्या मुद्द्याखाली सारल्या. पत्त्यांचा डाव लागावा तसा लेख लागत गेला.

एक चिठ्ठी मात्र उरली. तपासणीला आलेल्या साहेबांनी १९२६ साली शेरा लिहिला होता की चार मुले वर्गाबाहेर पडवीत बसलेली दिसली, त्यांना आत घ्यावे. पुढच्या वर्षी तोच शेरा पुन्हा होता. मुले कोणत्या वाड्यातली, हे सांगायला नकोच. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विहिरी आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच संमत झाला होता. आमचे दारही उघडेच होते म्हणा! दाराच्या आत बसायचे की बाहेर, एवढाच काय तो प्रश्न होता.

ती चिठ्ठी दुसऱ्या मुद्द्याखाली बसेना. मुद्दा बदलावा, तर संस्थापकांचे नातू समारंभाचे पाहुणे. मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि लेख लिहिला. वाचकहो, त्या लेखात एकही वाक्य खोटे नाही. प्रत्येक वाक्याला कागदाचा आधार आहे. आणि तरीही तो लेख खरा आहे असे मला म्हणवत नाही. मग खोटेपणा शिरला कोठून? शब्दांतून नव्हे, जमिनीवर चिठ्ठ्या मांडल्या, तेव्हाच तो शिरला असला पाहिजे.

सगळ्याच चिठ्ठ्या लेखात कशा येतील, असे कोणी म्हणेल. खरे आहे. घंटा कितीला घेतली, कौले कोणत्या गाडीने आली, ही टिपणेही मी गाळली. त्यांचे मला काही वाटत नाही. जागा नाही म्हणून गाळणे वेगळे आणि जागा दिली तर मांडणी मोडेल म्हणून गाळणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक फक्त गाळणाऱ्याला ठाऊक असतो, आणि तोही फार दिवस लक्षात ठेवत नाही.

ही विसरण्याची खोड डार्विनला चांगली ओळखता आली होती. त्याच्या मृत्यूनंतर १८८७ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने आपली लिहिण्याची रीत सांगितली आहे. तीस-चाळीस मोठ्या बासनांत त्याची टिपणे विषयवार लावलेली असत. लिहायला बसण्यापूर्वी दोन-तीन पानांचा कच्चा आराखडा, मग त्याहून मोठा; त्यातले मथळे तो पुन्हा वाढवी आणि पुष्कळदा इकडचे तिकडे हलवी. शिवाय त्याचा एक नियम होता. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती तिथल्या तिथे टिपून ठेवायची. कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा गैरसोयीच्या गोष्टी मनातून लवकर निसटतात, हा त्याचा अनुभव. मी तर टिपूनही निसटू दिली!

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. शिवछत्रपतींचा जन्म १६२७ सालचा, हे एके काळी पाठ्यपुस्तकांतून पक्के बसले होते. त्याभोवती त्यांच्या वयाचे सगळे हिशेब रचलेले. मग कारीच्या जेध्यांच्या घरची शकावली लोकमान्यांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी ती छापली. तीत जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १६३० चा फेब्रुवारी. एका कागदाने साऱ्यांचे आराखडे विस्कटले. वाद किती वर्षे चालला! महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख २००१ साली मान्य केली. ती शकावली कोणी 'बसत नाही' म्हणून बासनात परत बांधली असती तर?

वर्गात मी काय करतो? फळ्यावर मुद्दे देतो आणि मुले ते भरतात. एकदा एका पोराने लिहिले, 'आमची गाय लाथ मारते.' मुद्द्यांत लाथ नव्हती. मी ते वाक्य खोडले. गाय त्याच्या घरची, आणि खोडणारा मी.

स्मरणिका निघाल्यावर महिन्याभराने बाजारात एक गृहस्थ भेटले. त्यांचे आजोबा शाळेच्या पहिल्या मुलांतले. लेख आवडल्याचे त्यांनी मनापासून सांगितले, चहा पाजला आणि निघताना म्हणाले, "आजोबा पडवीचं फार सांगायचे. ते राहिलं तुमच्याकडून. पण गुरुजी, तुम्हाला तरी कुठनं ठाऊक असणार!"

मी "हो" म्हणालो. लेखात नसलेले खोटे असे त्या एका अक्षरात बोलून झाले.

हे सारे मी हिला केरसुणी हातात असतानाच सांगितले. हिने चिठ्ठी पुन्हा वाचली, मागचा भाग उलटून पाहिला आणि विचारले, "आणि या चौघांची नावं?"

नावे जनरल रजिस्टरात असणार. मी ती कधी पाहिलीच नव्हती. शाळा भाऊबीजेनंतर उघडते, आणि त्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते.