खानावळीची बाकी

लालबागच्या एका चाळीत एक मुलगी राहत होती. परळच्या एका लहानशा कॉलेजात समाजशास्त्र घेऊन ती बी.ए. झाली. वर्गात मुलं इतकी थोडी, की कुणी आलं नाही तर बाई शिकवायला सुरुवात करण्याआधी त्याला फोन लावायच्या. त्याच कॉलेजात एम.ए.चं केंद्रही होतं. पुढली दोन वर्षं तिथेच काढायची की कालिन्याला विद्यापीठाच्या विभागात जायचं, हे तिला ठरवायचं होतं.

चाळीत असं काही एकट्याने ठरवता येत नाही. गोष्ट गॅलरीत आली की ती सगळ्या मजल्याची होते.

समोरच्या खोलीतले काका म्हणाले, "शिक्का मुंबई विद्यापीठाचाच ना दोन्हीकडे? मग करी रोडहून कुर्ला, कुर्ल्याहून शेअर रिक्षा, ही वरात कशाला?" काकांचं अगदीच चुकत नव्हतं. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ मुळात परीक्षा घेऊन पदव्या देणारं. शिकवायचं काम कॉलेजांचं. आजही आठशेहून अधिक कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. विद्यापीठ स्वतः शिकवायला लागलं ते बऱ्याच उशिरा. समाजशास्त्राचा विभाग त्यातला एक, १९१९ सालचा. पॅट्रिक गेडिस यांनी तो सुरू केला आणि पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला.

तळमजल्यावरच्या बँकेतल्या दादाचं मत उलटं. "नाव मोठं लागतं गं. बाबासाहेब आपल्या परळमधूनच कोलंबियाला गेले की नाही?" गेले, हे खरंच. पण तिथे तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचेच एकोणतीस अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे अकरा, हे दादाने सांगितलं नाही. थोरांची नावं कुठल्याही बाजूने वापरता येतात.

आई पोळी-भाजी केंद्र चालवायची. ती म्हणाली, "डबा दोन्हीकडे मीच देणार. तू ठरव."

मुलगी एकदा कालिन्याला जाऊन आली. दोनशेहून अधिक एकरांचं आवार, लांबच लांब रस्ते, एका इमारतीतून दुसरीत जाईपर्यंत घामाच्या धारा. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाबाहेर ती थोडा वेळ उभी राहिली. विभागात एका सरांनी विचारलं, "काय हवंय?" ती म्हणाली, "एम.ए.ची माहिती." सर म्हणाले, "ती बाहेर फलकावर आहे, साइटवरही आहे." तिने फलकाचा फोटो काढला आणि परत आली. चार तास गेले, हातात एक फोटो.

बोधकथेत या ठिकाणी एखादा साधू येतो. लालबागमध्ये गणपतीच्या वर्गणीवाल्यांखेरीज कुणी दारात येत नाही. त्यामुळे तिला स्वतःच उठून कॉलेजातल्या बाईंकडे जावं लागलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सरांनी उत्तर बरोबर दिलं," त्या म्हणाल्या, "तू विचारलंसच तेवढं. मला एक सांग. आपल्याकडे ज्याचं उत्तर मिळणार नाही, असा तुझा एक तरी प्रश्न आहे?"

मुलीने कागद घेऊन लिहिलं: मोठं ग्रंथालय, मोठं नाव, नेट परीक्षेची तयारी, वेगवेगळ्या भागांतून आलेली मुलं.

"हा वाणसामान आणायचा कागद झाला," बाई म्हणाल्या. "प्रश्न कुठे आहे?"

मग बाईंनी तिला इरावती कर्व्यांची हकिगत सांगितली. इरावतीबाई पुण्याच्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली बी.ए. झाल्या आणि मुंबईला घुर्ये सरांच्या हाताखाली आल्या. १९२८ साली एम.ए. झाल्या. पुढे बर्लिनला निघाल्या, ते सासऱ्यांना, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांना, पसंत नव्हतं. नवरा पाठीशी राहिला, म्हणून जाता आलं. बर्लिनला मार्गदर्शक मिळाले ओयगेन फिशर, त्या काळातलं बडं प्रस्थ. कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते आणि हा फरक वंशावंशांत वेगळा असतो, असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी तो सिद्ध करून दाखवावा, ही अपेक्षा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाप्रमाणे असा काही फरक दिसत नाही, हेच प्रबंधात लिहिलं. १९३० साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

"एवढ्या मोठ्या ठिकाणी एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणायचं," मुलगी म्हणाली.

"ती पट्टी बर्लिनने दिली असेल. पण दिसलं ते लिहायचं, हे ती सोबत घेऊन गेली होती," बाई म्हणाल्या. "हे बघ, लहान जागा न मागता देते. म्हणून इथे तुला मागायची सवयच लागली नाही, त्यात माझीही चूक आहे. मोठी जागा मागितल्याशिवाय काही देत नाही. तेव्हा जायचं की नाही ते नंतर बघू. काय मागायचं ते आधी ठरव."

प्रश्न असा हुकमी सापडत नाही. मुलगी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसू लागली. आपल्या भागातल्या गिरण्यांवरची जी पुस्तकं मिळतील ती तिने वाचली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप, त्याचे पुढारी दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, बंद पडलेले भोंगे, मग जमिनी, मग मॉल. सगळं नीट लिहिलेलं होतं. वाचताना तिला वाटायचं, हे तर झालेलंच आहे, आता मी काय विचारणार?

एका संध्याकाळी ती घरी यातलंच काही वाचत होती. आजी लसूण सोलत होती. आजीने संपाआधी कितीतरी वर्षं खानावळ चालवली होती. कोकणातून, घाटावरून आलेले गडी गाळ्यात दाटीवाटीने राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे आणि जेवायला आजीसारख्या बायकांकडे यायचे. हिशेब महिन्याचा, पगार झाला की पैसे. किराणा मात्र आजीला आधी भरावा लागे, तोही सावकाराच्या व्याजाने. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना बँकेची दारं उघडून दिली, तेव्हा कुठे जरा श्वास घेता आला.

"काय गो वाचतंस?" आजीने विचारलं.

"संपावर आहे. किती जणांची नोकरी गेली ते."

"माझी पण गेली की," आजी म्हणाली. "माझं नाव आहे त्यात?"

मुलीने पुस्तक चाळून पाहिलं. आजीचं नाव नव्हतं, आणि नसणारच होतं. पण खानावळवाल्या बायकांवर जे होतं ते जेमतेम पानभर. जेवणारे गावी निघून गेले तेव्हा त्यांची उधारी कुणी फेडली? किराण्याचं कर्ज कुणाच्या डोक्यावर राहिलं? कुठल्या बायका पोळी-भाजी केंद्रांकडे वळल्या, कुठल्या लोकांच्या घरी धुण्याभांड्याला लागल्या?

दुसऱ्या दिवशी तिने हेच बाईंसमोर ठेवलं. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि सरळ सांगितलं, "याला मी पुरी पडणार नाही. आपल्या कपाटातली पुस्तकंही पडणार नाहीत. तू जा."

तिची एक मैत्रीण होती. बाईंनी तिलाही तेच विचारलं होतं. मैत्रिणीच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. तिला सकाळी नोकरी करून संध्याकाळी शिकायचं होतं, पुढे बी.एड. करून शाळेत लागायचं होतं. तिने पुष्कळ विचार करून लहान कॉलेजच धरलं. घर पाच मिनिटांवर आणि वर्ग चुकला तर बाईंचा फोन. तिच्या गरजेला तेच कॉलेज योग्य होतं, आणि चाळीने तिला उगाच "राहून गेली" म्हणून हिणवलं.

मुलगी पुन्हा कालिन्याला गेली. तेच फाटक, तेच लांबलचक रस्ते, तेच सर दाराशी. या वेळी तिने माहिती विचारली नाही. उभ्या उभ्या तिने आपला प्रश्न सांगितला. सरांनी तिला आत बसवलं. दोन पुस्तकांची नावं दिली, एका शोधनिबंधाची प्रत काढून दिली, आणि आपल्याला जे ठाऊक नव्हतं त्यासाठी शेजारच्या अर्थशास्त्र विभागातल्या एका बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी तिच्या प्रश्नातली एक चूकही दाखवली: उधारी बुडाली असं ती आधीच धरून चालली होती, काहींनी गावाहून मनीऑर्डरी पाठवल्या असतील, ते आधी तपासायला हवं. निघताना सर म्हणाले, "काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे जुने सरकारी कागद बघायला मिळतील. पण तुम्हाला हवं ते तिथे असेलच असं नाही. घरात हिशेबाची वही वगैरे आहे का?"

तिने प्रवेशाचा अर्ज भरला. चाळीत बातमी पोचली. बँकेतला दादा म्हणाला, "बघ, मी सांगत होतोच." समोरचे काका रिक्षाच्या भाड्याचा हिशेब करत बसले.

आजीने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. वह्या निघाल्या, कडा कुरतडलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या. नावं होती, गावं होती, किती जेवणं, किती दिले, किती राहिले. मुलगी फोटो काढू लागली. आजीने एका पानावर बोट ठेवलं.

"ह्या दोघांचे चार महिन्यांचे राहिलेत. सावंतवाडीचे. तुझ्या त्या सरांना म्हणावं, हे पण लिहा."

"आजी, त्यांनी मनीऑर्डर तर पाठवली नव्हती ना? बघ आठवून."

आजीने लसणाची टोपली पुढ्यात ओढली. "एकाने पाठवलेली," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पंचवीस रुपये. तेवढे वजा कर."