रात्री कुणीतरी असतं

संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर, उन्हात काम करायला कायद्यानं बंदी आहे. या बंदीमुळे परवा आमच्या शारजातल्या घरी एक माणूस भरदुपारी अडकला. एसी दुरुस्त करायला आला होता. बिघाड निघाला गच्चीवरच्या युनिटमध्ये, आणि ऊन तर मी म्हणत होतं. तीन वाजेपर्यंत वर जाता येईना. त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून तो मराठी आहे हे कळलं, आणि पुढच्याच मिनिटाला तालुकाही कळला. लांजा. मग त्याला स्वयंपाकघरात बसवून ताक दिलं. ते पिऊन झाल्यावर तो जरा संकोचानंच म्हणाला, "ताई, रत्नागिरीत एक लॉज बघायचाय. स्वस्तातला. तेवढं इंग्रजी वाचून सांगाल?"

लांज्याच्या माणसाला रत्नागिरीत लॉज कशाला हवा, असं कुणाच्याही मनात येईल. कारण साधं होतं. जुलैत तो रजेवर जाणार आहे, आणि त्या रजेत वडिलांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा आहे. आज शस्त्रक्रिया, उद्या सकाळी पुन्हा तपासणी. लांज्याहून पाली, पालीहून हातखंबा आणि मग रत्नागिरी, असा हा रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचं काम किती वर्षं चाललंय ते तुम्हाला माहीत आहेच. जुलैच्या पावसात नुकता डोळा उघडलेल्या म्हाताऱ्याला त्या रस्त्यावरून आज आणायचं, उद्या परत न्यायचं, हे त्याला नको होतं. म्हणून दोन रात्रींची खोली. वडील, आई, बायको आणि तो स्वतः.

रत्नागिरीत त्याची आत्या राहते, पण दीड खोलीत. "आत्याला वाईट वाटेल," तो म्हणाला. "पण तिच्याकडे चार माणसं गेली तर तिनं आणि मामांनी झोपायचं कुठे? एक वेळ जेवायला जाऊ. रात्रीचं नको." आपल्याकडे गावात नातेवाईक असताना लॉजवर उतरणं म्हणजे अजूनही थोडा अपमान मानतात. हा मात्र आत्याच्या झोपेचा हिशेब करत होता. मला ते फार आवडलं.

मग आम्ही शोधायला बसलो. मी माझ्या सवयीनं आधी तारे बघितले. चार तारे, साडेतीन तारे. त्यानं तिकडे पाहिलंच नाही. त्याचे प्रश्न वेगळेच होते. खोली तळमजल्यावर मिळेल का? कमोड आहे का, की खाली बसायचं? गरम पाणी कधी येतं? आणि सौर बंबाचं असेल तर जुलैत येतं का? हा शेवटचा प्रश्न तर मला सुचलाही नसता. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनच्या खतम अल शकला भागात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला, तो या देशातल्या पंचाहत्तर वर्षांच्या नोंदींमधला विक्रम ठरला, आणि आम्ही शारजाकर कितीतरी दिवस गुडघाभर पाण्यातून ये-जा करत होतो. तेवढा पाऊस रत्नागिरी आषाढात फारशी तक्रार न करता सोसते. पण सौर बंबाला ऊन लागतं, ते काही त्या दिवसांत मिळत नाही.

त्याचा आणखी एक प्रश्न होता. "खोलीला खिडकी आहे ना?"

मी म्हटलं, खिडकी असणारच. तो काही बोलला नाही. नंतर ओघात कळलं, हा इथे बेडस्पेसमध्ये राहतो. आपल्यातल्या अनेकांना ते ठाऊक आहे. खोलीचं भाडं नाही, पलंगाचं भाडं. एका खोलीत पाच-सहा जण, मध्ये प्लायवूडचे आडोसे, आणि खिडकी ज्याच्या वाट्याला आली तो भाग्यवान. जून २०२५ मध्ये दुबई महापालिकेनं रिग्गा, मुरक्कबात, सतवा अशा भागांत बेकायदा आडोशांवर मोहीम काढली तेव्हा कुठे बाहेरच्यांना कळलं की किती माणसं अशी राहतात. वर्षानुवर्षं असा झोपणारा माणूस स्वतःच्या आईवडिलांसाठी खोली निवडतो तेव्हा तो आधी खिडकीच विचारणार.

जुलै हा तसा कोकणातल्या लॉजवाल्यांचा पडता काळ. पर्यटक हिवाळ्यात येतात, नाहीतर मे महिन्यात आंब्याला. आपल्या आखाती मुलांची गंमत अशी की शाळांची सुट्टी जुलै-ऑगस्टची, त्यामुळे हापूस त्यांना भेटतो तो इथल्या दुकानातल्या पेटीत. झाडावरचा हापूस बघायला ती पोचतात तेव्हा बागेत फक्त पानं आणि पाणी. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद, म्हणजे ताज्या समुद्री मासळीचीही फारशी आशा नको. या सगळ्याचा फायदा एकच, खोल्या रिकाम्या असतात आणि भाव उतरतात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झालाय. म्हणजे आपण इथे २०१८ पासून देतो तो व्हॅट आणि तिथला हा कर, दोन्ही आता पाचच टक्के.

आम्हाला एसटी स्टँडच्या बाजूला बाराशे रुपयांची खोली दिसली. बाराशे म्हणजे साधारण पन्नास दिरहम. तो मनातल्या मनात भागाकार करत होता. तो भागाकार इथल्या प्रत्येकाला पाठ असतो. १९९७ पासून दिरहम डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे. रुपया घसरला की आपली खोली इथे बसल्या बसल्या स्वस्त होते आणि आपण त्यात आपलं कर्तृत्व मानतो. आणि मग हीच माणसं, मी बघितली आहेत, काउंटरवर बाराशेचे हजार करून घेण्यासाठी वीस मिनिटं वाद घालतात. वर मोठ्या आवाजात सांगतात, आम्ही दुबईहून आलोय. दुबईहून आलात तर दोनशे रुपयांनी काय बिघडलं? पण ते असो.

माझा खरा राग आहे तो अभिप्राय लिहिणाऱ्यांवर. मी एकेक वाचून मराठीत सांगत होते. कुणाला वायफाय मंद वाटला, एक तारा. कुणाला चहा गार मिळाला, एक तारा. एका गृहस्थांनी पावसाळ्यात चादर दमट होती म्हणून लांबलचक निबंध लिहिलेला. अहो, आषाढात कोकणातल्या कुठल्या घरात चादर खडखडीत वाळते? बाराशे रुपयांत लॉजवाल्यानं पाऊस थांबवायचा का? लॉजवरच्या पोरांनी ती चादर रात्रभर पंख्याखाली धरून वाळवलेली असते. आणखी एकानं लिहिलं होतं, की रात्री अकरा वाजता परत आलो तर रिसेप्शनसमोर जमिनीवर मुलं अंथरूण टाकून झोपली होती, ओलांडून जावं लागलं, अत्यंत गलथान कारभार.

हे मी वाचलं आणि पुढच्या लॉजकडे वळणार, एवढ्यात तो म्हणाला, "थांबा ताई. म्हणजे रात्री कुणीतरी असतं. हाच घेऊया."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याचं म्हणणं सरळ होतं. वडिलांना रात्री काही लागलं, डोळा दुखला, रिक्षा हवी झाली, तर खाली एका हाकेत उठणारं माणूस आहे. मोठ्या हॉटेलात काउंटरवर घंटी ठेवलेली असते. इथे माणूस आहे. ज्या ओळीसाठी त्या गृहस्थांनी तारे कापले, तीच ओळ वाचून यानं खोली पक्की केली.

फोनवरच बोलूया, असं तोच म्हणाला. मलाही ते पटलं. अशा छोट्या लॉजची खरी माहिती फोनवरच मिळते. पलीकडे मॅनेजर होते, वयस्कर आवाज. यानं सगळं नीट सांगितलं, वडिलांचं ऑपरेशन आहे, तळमजला हवा. ते म्हणाले, तळमजल्याला एकच खोली आहे, ठेवतो, पण खिडकी मागच्या अंगणाकडे उघडते, समोर विहीर आहे, चालेल ना? याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. गरम पाणी गिझरचं, सकाळी सहा ते नऊ. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा, एसी नाही. आणि मुक्काम चोवीस तासांचा, म्हणजे सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. हे विचारून घेणं महत्त्वाचं असतं. बारा वाजता खोली सोडायची पद्धत असेल आणि तुम्ही पहाटेच्या गाडीनं उतरलात, तर अर्धा दिवस फुकट जातो. त्यातून पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, आणि स्टेशन कुवारबावला, गावाबाहेर. पहाटेचा हिशेब धरूनच निघावं.

"येताना आधार कार्ड आणा सगळ्यांची," मॅनेजर म्हणाले. "आखातातले लोक ते दुसरंच कार्ड पुढे करतात." आम्ही दोघंही हसलो. एमिरेट्स आयडी आपल्या हाताला इतका सवयीचा झालाय की आपण तो रत्नागिरीच्या काउंटरवरही ठेवतो. पैशांचंही त्यांनी सांगितलं, थोडी रोकड जवळ असू द्या. इथल्या मोबाइल नंबरावर यूपीआय चालू करायची सोय २०२३ पासून झाली आहे, पण त्याला अनिवासी भारतीयांचं एनआरई किंवा एनआरओ खातं जोडलेलं लागतं. आणि ते ऐन वेळी काउंटरवर उभं राहून होत नाही.

लॉज थिबा राजवाड्यापासून फार दूर नाही, हे मी त्याला सांगितलं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. सावरकरही १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. रत्नागिरीत लोकांना बळजबरीनं मुक्कामाला ठेवायची जुनीच परंपरा आहे म्हणायची. तो म्हणाला, "राजाला तीस वर्षं, आम्हाला दोन रात्री. पण आमच्या आईला दोन रात्री चूल नाही, हे तिला राजवाड्यापेक्षा मोठं वाटेल." त्याची आई आजवर कधी लॉजवर राहिलेली नाही. लॉजच्या नोंदवहीत एक रकाना असतो, येण्याचं कारण. त्यात "वडिलांचं ऑपरेशन" असं तो लिहील. आईला दोन दिवस विश्रांती, हे लिहायला त्या रकान्यात जागा नसते.

तीन वाजले तसा तो गच्चीवर गेला. संध्याकाळपर्यंत एसी सुरू झाला.

मी मात्र त्या जमिनीवर झोपलेल्या मुलांचा विचार करत राहिले. रत्नागिरीच्या आंब्याच्या बागांत राखणीला आता बहुतेक नेपाळी कुटुंबं असतात, हे तिकडच्यांना माहीत आहे. लॉजवर, खानावळीत, बेकरीत कामाला असलेली मुलंही पुष्कळदा नेपाळचीच. त्यांच्या मालकानं त्यांना खोली दिलेली नसते, म्हणून ती रिसेप्शनसमोर झोपतात. महिन्याला पैसे घरी पाठवतात. आईवडील आजारी पडले की फोनवर चौकशी करतात आणि रजा कधी मिळेल याचा हिशेब मांडतात. आपल्यातल्या कुणाला हे नवीन सांगायची गरज नाही. लांज्याचा माणूस शारजात दुसऱ्यांच्या खोल्या थंड करतो, आणि त्याच्या वडिलांना रात्री पाणी द्यायला रत्नागिरीत नेपाळचा मुलगा उठतो.

जूनअखेरीपासून इथली घरं रिकामी होऊ लागतील. बॅगा वजन करून भरल्या जातील. खजूर, अत्तर, दुधाची पावडर. तुमच्यापैकी पुष्कळजण सांगली, सातारा, रत्नागिरी, मिरज अशा गावांत एखाददुसरी रात्र लॉजवर काढतील. माझी एवढीच विनंती आहे, की आल्यावर अभिप्राय लिहाल तेव्हा रात्री उठून आलेल्या मुलाचा उल्लेख करा. नाव विचारून घ्या, निदान पहिलं नाव. त्याच्या मालकाला ते वाचून पगार वाढवावासा वाटेलच असं नाही, पण पुढच्या एखाद्याला खोली निवडताना त्याचा उपयोग होईल.

आणि एक. खोली सोडताना खिशात उरलेली दिरहमची नाणी त्याच्या हातावर ठेवू नका. आपल्याला वाटतं आठवण म्हणून देतोय. रत्नागिरीत ती कुणी बदलून देत नाही, आणि त्याच्या गावीही नाही. बक्षिसी रुपयांतच द्या.