खांदा कोणाचा?

उपदेशकाच्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात लाकूडफोड्याचा उल्लेख आहे. लाकूड फोडणाऱ्यास त्या कामात अपाय होण्याचा संभव असतो, आणि हत्यार बोथट असता त्यास धार न लावता काम रेटणाऱ्याला अधिक बळ खर्चावे लागते, असा तेथील दोन वचनांचा आशय आहे. राजे, मूर्ख आणि ज्ञानी यांच्याविषयी बोलता बोलता पवित्र लेखक कुऱ्हाडीकडे वळतो आणि शहाणपण कशाला म्हणावे हे धार लावण्याच्या साध्या कृतीवरून समजावितो. धार लावणे म्हणजे श्रम वाचविणे. तेव्हा श्रम वाचविण्यास पवित्र शास्त्राची हरकत नाही, असे मानावयास जागा आहे.

तरीही आपल्या घरांतून एक वेगळी शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घाम गाळून भाकर खाणे आदामाच्या वाट्याला आले. म्हणून कष्ट जितके अधिक तितके पुण्य अधिक, आणि सोपी वाट शोधणारा तो आळशी, असे आपले वाडवडील मानीत. सेमिनरीत असताना आम्हीही कष्टाकडे प्रायश्चित्त म्हणून पाहावयास शिकलो. मग कमी कष्टात काम उरकण्याची इच्छा हा सद्‌गुण म्हणावा की दुर्गुण? आमच्या आवारातील एक कडुनिंब कोसळला तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर आम्हांला स्वस्तात मिळाले नाही.

कन्हानच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. येथील कित्येक कुटुंबे खाणीच्या मिळकतीवरच वाढली. आता बहुतेक स्वयंपाकघरांत गॅसची शेगडीही आहे. तरी सरपण गेलेले नाही. थंडीत आंघोळीचे पाणी तापवावयाचे, लग्नाचा किंवा सणाचा मोठा स्वयंपाक रांधावयाचा, की लाकूड हवेच. काही वर्षांपूर्वी मृगाआधीच्या वादळात तो कडुनिंब पडला, तेव्हा नाताळच्या सामुदायिक भोजनाचे सरपण घरबसल्या मिळाले, असे म्हणून आम्ही देवाचे आभार मानले.

करवतीने ओंडके कापून झाले आणि धर्मग्रामातील तरुण मुले फोडावयास सरसावली. अंगात बळ होते, उत्साह होता. पण तासाभरात चौघे घामाघूम झाले आणि ओंडके जवळजवळ तसेच राहिले. कडुनिंबाचे तंतू सरळ नसतात, ते एकमेकांत गुंतलेले असतात. मुलांनी मारलेला प्रत्येक घाव ओंडक्याच्या मधोमध पडे आणि कुऱ्हाड तेथेच रुतून बसे.

खाणीत छताला लाकडी टेकू देण्याच्या कामावरून निवृत्त झालेले एक वृद्ध काका हे पाहत बसले होते. ते स्वतःची कुऱ्हाड घेऊन आले. प्रथम त्यांनी एक रुंद ठोकळा कठीण जमिनीवर पक्का बसविला. मऊ मातीवर ठेवलेल्या लाकडाला मारलेला अर्धा घाव माती खाते, असे ते म्हणाले. मग ते ओंडक्याची कापलेली बाजू निरखू लागले. लाकूड वाळताना आकसते, आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक चिरा त्यावर उमटतात. "ते कुठे उकलतंय ते आधी पाहा, मग मारा," असे त्यांनी मुलांना सांगितले. गाठ असेल तेथे ते घाव घालीत नसत. मोठ्या ओंडक्याच्या मध्यावरही ते तुटून पडत नसत. कडेकडेने एकेक फाक काढीत आत जात. फारच चिवट ओंडका आला तर चिरेत लोखंडी पाचर ठेवून घणाने ठोकीत. पाचरीवर वरून पडलेला जोर दोन्ही बाजूंना वळतो आणि लाकूड आपोआप फाकते. कुऱ्हाड खाली येताना ते हाताचा जोर लावीत नसत; पात्याचे वजनच काम करी. दुपारपर्यंत निम्मे लाकूड फोडून झाले. फोडलेले तुकडे त्यांनी उन्हात मोकळे रचावयास सांगितले, कारण साल ओल धरून ठेवते आणि उघड्या बाजू लवकर वाळतात. ओले लाकूड पेटविले तर त्यातील पाणी उकळण्यातच बरीच आच जाते आणि धूर मात्र स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत जातो.

त्या दिवशी आम्हांला वाटले की आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. काकांचे श्रम मुलांपेक्षा कमी पडले, पण त्यांना आळशी कोण म्हणेल? त्यांची सुलभता लक्ष देण्यातून आली होती. देवाने लाकूड जसे घडविले तसे ते ओळखून, त्याच्या कलाने घेऊन त्यांनी काम केले. निर्मितीचा आदर करणारी ही सुलभता पुण्याचीच म्हणावी लागेल.

जाताना काकांनी धर्मग्रामाची कुऱ्हाड हातात घेऊन हलवून पाहिली आणि म्हणाले, "फादर, हिचं पातं ढिलं झालं आहे. पाचर बदलून घ्या." आम्ही मान डोलावली.

पुढे मुलांच्या परीक्षा आल्या. उरलेल्या लाकडासाठी आम्ही रोजीवर एक मजूर सांगितला आणि आदल्या रात्री ती कुऱ्हाड बादलीत भिजत ठेवली. दांडा पाण्याने फुगतो आणि पाते घट्ट बसते. हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. दांडा वाळला की पाते पहिल्याहून अधिक ढिले होते, हेही आम्हांला ठाऊक होते. पण सुताराकडे जाण्याचा हेलपाटा वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन चढल्यावर, पाते निसटून त्या माणसाच्या नडगीवर बसले. पाच आठवडे तो कामावर जाऊ शकला नाही. औषधपाणी आणि बुडालेली रोजी आम्ही दिली. त्याच्या घरी भेटावयास गेलो तेव्हा तोच ओशाळून म्हणाला, "फादर, घाई माहीच झाली." हे त्याचे शब्द आजही आमच्या कानांत आहेत, कारण घाई त्याची नव्हती.

त्या रात्री आम्ही अनुवादाच्या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय उघडला. शेजाऱ्यासह रानात लाकडे तोडावयास गेलेल्या माणसाच्या कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजारी दगावला, तर मनात वैर नसल्यामुळे त्या माणसाने आश्रयाच्या नगरात पळून जाऊन जीव वाचवावा, असा तेथे नियम आहे. आम्हीही आश्रयच शोधत होतो. परंतु निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात दुसरा नियम आहे. बैलाने माणसाला हुंदडून मारले तर मालक निर्दोष ठरतो. मात्र बैल मारका आहे अशी ताकीद मालकाला आधीच मिळाली असेल आणि त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर मालक दोषी ठरतो. आम्हांला ताकीद मिळाली होती. आश्रयाचे नगर आमच्यासाठी नव्हते.

त्यातून आम्हांला जे उमगले ते असे. श्रम वाचविण्याच्या दोन रीती बाहेरून सारख्या दिसतात. एका रीतीत श्रम खरोखरच कमी होतात. धार लावणे, चीर ओळखणे, लाकूड वेळेवर वाळविणे ही तिची उदाहरणे. दुसऱ्या रीतीत श्रम कमी होत नाहीत. ते केवळ आपल्या खांद्यावरून उतरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातात, आणि जाताना बहुधा वाढतात. आम्ही वाचविलेला सुताराकडचा एक हेलपाटा त्या घराला पाच आठवडे पुरला. म्हणून 'काम सोपे झाले का?' एवढे विचारून भागत नाही. 'कोणासाठी सोपे झाले, आणि भार कोणाच्या खांद्यावर गेला?' हेही विचारावे लागते.

यहोशवाच्या काळी गिबोनकरांना जीवदान मिळाले, पण लाकडे तोडण्याचे आणि पाणी वाहण्याचे काम त्यांच्या माथी कायमचे बसले. प्रत्येक समाजात असे गिबोनकर असतात. आपल्याकडे ते बहुधा स्त्रिया असतात. पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीचे काटेरी फाटे गोळा करून मोळी डोक्यावर आणणारी तीच, आणि चुलीचा धूर गिळणारीही तीच. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि 7 सप्टेंबर 2019 रोजी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आठ कोटीवी जोडणी देण्यात आली. ही खरी सुलभता, कारण तिने खांदा मोकळा केला. परंतु दुसरे सिलिंडर भरण्यास पैसे नाहीत म्हणून पुन्हा मोळी उचलणाऱ्या बहिणी आजही दिसतात. त्यांच्या घरचे पुरुष फटफटीच्या पेट्रोलला कधी कमी पडू देतात का, हे ज्याने त्याने आपल्या घरात तपासावे.

मग मजूर सांगूच नये काय? तसे नव्हे. रोजी देणे हेही पुण्याचे काम आहे, आणि आपल्या कष्टांत ख्रिस्ताच्या क्रूसाचा वाटा उचलता येतो ही वाडवडिलांची शिकवणही खोटी नाही. पण प्रायश्चित्त स्वतः घ्यावयाचे असते; दुसऱ्याला ते लादता येत नाही. 1891 सालच्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकाला नव्वद वर्षे झाली तेव्हा, 14 सप्टेंबर 1981 रोजी, संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमावरील आपल्या परिपत्रकात सांगितले की श्रमाची थोरवी केलेल्या वस्तूवरून ठरत नाही, श्रम करणाऱ्या माणसावरून ठरते. यंत्र हे माणसाचे सहायक आहे, पण ते त्याचे वैरीही होऊ शकते. आमच्या मते याचा घरगुती अर्थ इतकाच: जो काम सांगतो त्याने हत्यार स्वतः पारखून द्यावे, वेळ पुरेसा द्यावा, आणि ज्या कामाचा आपल्याला कंटाळा आहे त्याची रोजी कमी करू नये.

नाझरेथचा सुतार नांगर आणि जू घडवीत असे, असे दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात तोच सुतार थकल्याभागल्यांना बोलावितो आणि आपले जू सोयीचे आहे असे सांगतो. तो जू काढून टाकू म्हणत नाही. चांगला सुतार बैलाचा खांदा पाहून जू तासतो, म्हणजे ते खांद्याला घासत नाही. आपल्या विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो, वर्षभर ज्याने भार वाहिला त्याची ती क्षमायाचना असते. मुक्या जनावराच्या खांद्याची आठवण ठेवणारी ही रीत माणसाच्या खांद्यापर्यंत पोहोचावी, एवढेच मागणे आहे.

त्या कुऱ्हाडीला आता नवा दांडा आणि नवी पाचर आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिची धार आम्ही स्वतः लावतो.