योगायोगाची स्वतःची नक्षी

हैदराबादच्या अमीरपेटमधल्या संगणक-क्लासांच्या गल्लीत आता नुसत्या जावा आणि पायथनच्या पाट्या नसतात. डेटात दडलेले पॅटर्न ओळखायला शिकवू, असे सांगणारे क्लास जागोजागी निघाले आहेत. शेअर-ट्रेडिंग शिकवणारेही तेच सांगतात : आलेखातली आकृती ओळखा, पुढची चाल कळेल. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने जाहीर केले, की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सगळे त्याला लोभ म्हणतात. मला त्यामागची समजूत लोभाहून घातक वाटते. आकृती दिसली म्हणजे तिच्यामागे कारण असणारच, ही ती समजूत. यादृच्छिक प्रणालींवर पीएच.डी. करायला निघालेली हुशार मुलेसुद्धा ती उराशी धरून येतात, आणि विसाव्या शतकातल्या गणिताने नेमके तिलाच खोडून काढले आहे.

आधीचा इतिहास ओळखीचा आहे. पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये जुगाराचे हिशेब मांडले. बर्नुलीने मोठ्या संख्यांचा नियम दिला, तो १७१३ मध्ये छापून आला. लाप्लासने योगायोगाला आपल्या अज्ञानाचे नाव ठरवले. कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये साऱ्याला स्वयंसिद्धकांची बैठक दिली. आपल्याकडे महालनोबिसांच्या कोलकात्यातून संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव पुढे आले. हैदराबाद विद्यापीठाजवळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे, आवारात त्यांच्या नावाची संस्था आहे. 'स्टॅटिस्टिक्स अँड ट्रुथ' या पुस्तकात त्यांनी योगायोगाला कामाला लावायची भाषा केली. लाप्लासपासून ती फार लांबची मजल होती.

पण खरे वळण वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तेच बहुतेक जण चुकीचे वाचतात.

भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नरपुढे १९५० च्या दशकात जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांचा प्रश्न होता. युरेनियमसारख्या केंद्रात इतके कण एकमेकांत गुंतलेले, की समीकरण सोडवणे अशक्य. त्याने त्या जागी यादृच्छिक संख्यांनी भरलेला चौरस तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, ठेवला. लोकप्रिय पुस्तकांत पुढची गोष्ट अशी येते : गोंधळातून निसर्गाची गुप्त रचना विग्नरला दिसली. हे वाचून वाचकाला वाटते, गोंधळ वरवरचा होता, आत आराखडा होता.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. एक मोठा चौरस तक्ता घ्या. प्रत्येक घरासाठी नाणे उडवा, छाप आला तर +१, काटा आला तर -१, आणि कर्णाच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवा. या मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये (विग्नरच्या मांडणीत याच संख्या ऊर्जापातळ्यांची जागा घेतात) काढून योग्य प्रमाणात आलेखावर मांडली, तर अर्धवर्तुळ उमटते. हा विग्नरचा १९५५ चा निष्कर्ष. आता नाण्याऐवजी दुसरे कोणतेही यादृच्छिक साधन घ्या, फक्त सरासरी शून्य आणि विचलन तेवढेच ठेवा. पुन्हा तेच अर्धवर्तुळ येते.

का येते, हे सिद्धतेत उघड दिसते. आयगेनमूल्यांच्या घातांची सरासरी काढायची, तर तक्त्याच्या ओळींना बिंदू मानून त्यांच्यामधून जाणाऱ्या, सुरुवातीच्या बिंदूला परतणाऱ्या वाटा मोजाव्या लागतात. ज्या वाटेवर एखादा दुवा एकदाच येतो, ती +१ आणि -१ एकमेकांना खाऊन टाकल्यामुळे सरासरीत शून्य होते. उरलेल्यांत संख्येने वरचढ ठरतात त्या वाटा, ज्यांवर प्रत्येक दुवा बरोबर दोनदा येतो : एकदा जाताना, एकदा परतताना. त्यांची मोजणी १, २, ५, १४, ४२ अशी वाढते. हे कॅटलानचे आकडे, आणि अर्धवर्तुळाच्या घातांची सरासरीही हेच आकडे देते. या हिशेबात नाण्याचा मागमूस उरत नाही. नक्षी येते ती जाऊन परतण्याच्या मोजणीतून. तिच्यामागे कोणी लपलेले नाही, आणि ती पाहून तक्त्यातल्या एकाही घरात छाप आहे की काटा, हे सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या लोकप्रिय गोष्टीत गाळली जाते. खऱ्या अणुकेंद्राच्या पातळ्यांची घनता अर्धवर्तुळाकार नसतेच. जुळतात ती शेजारशेजारच्या पातळ्यांमधली अंतरे. पातळ्या एकमेकींना दूर ठेवतात. हे अंतरांचे गणित डायसन आणि राजस्थानातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेमार्गे फ्रान्सला गेलेले मदनलाल मेहता यांनी उभे केले. मेहतांचा १९६७ चा ग्रंथ या विषयात आजही पहिल्यांदा हाती दिला जातो. ही अंतरेसुद्धा घरांतल्या आकड्यांच्या तपशिलावर अवलंबून नसतात, हे लाझ्लो एर्दश, श्लाइन आणि याऊ यांनी, तसेच ताओ आणि वू यांनी, सिद्ध केले ते २००९ च्या सुमारास. जी गोष्ट तपशिलावर अवलंबून नाही, ती त्या तपशिलाचा पुरावा होऊ शकत नाही. म्हणून मी या वळणाला गुप्त रचनेचा शोध म्हणायला तयार नाही. काहीही घडत नसताना काय दिसते, याची पक्की मोजपट्टी त्याने हाती दिली.

ती मोजपट्टी बाजाराला लावून झाली आहे. १९९९ मध्ये लालू, सिझो, बुशो आणि पॉटर्स यांनी अमेरिकी शेअरांच्या परस्परसंबंधांचा मॅट्रिक्स घेतला. मार्चेंको आणि पास्तूर यांनी १९६७ मध्ये आखून दिलेल्या निव्वळ योगायोगाच्या हद्दीत त्याची सुमारे ९४ टक्के आयगेनमूल्ये बसली. बाहेर राहिलेल्यांतले सर्वांत मोठे मूल्य म्हणजे अख्खा बाजार एकत्र हलणे. अमीरपेटच्या क्लासात शिकवायचे असेल, तर आधी हे शिकवावे.

संशोधकाला जेआरएफ पाठ्यवृत्तीवर, २०२३ च्या दराने, सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि अशा पैशांत चार-पाच वर्षे त्याने अशा कामाला द्यायची असतात, ज्याचे उत्तर बहुधा 'इथे काही नाही' असे येते. कंपन्या त्याच मुलाला पॅटर्न शोधायला कितीतरी जास्त देतात. तरीही पीएच.डी.च्या या जागा भरल्या जाव्यात, वाढाव्यात, असे मी आग्रहाने म्हणतो, कारण काम बाकी आहे. बाइक, बेन अरूस आणि पेशे यांनी २००५ मध्ये दाखवले, की संकेत एका उंबरठ्याखाली असेल तर सर्वांत मोठ्या आयगेनमूल्यात त्याची चाहूलही लागत नाही. तो खरा असूनही. शिवाय अर्धवर्तुळाला विचलन सांत असावे लागते आणि घरे एकमेकांपासून स्वतंत्र असावी लागतात. बाजारातली मोठी पडझड, पावसाच्या नोंदी, शहरातली रहदारी यांत या अटी ढिल्या पडतात. तिथे निव्वळ योगायोगाची हद्द कुठे आखायची, हे प्रत्येक प्रकारासाठी नव्याने सिद्ध करावे लागेल. पीएच.डी.च्या मुलाखतीत मी विद्यार्थ्याला हाच प्रश्न विचारीन : तुझ्या प्रणालीत काहीच घडत नसेल, तर आलेख कसा दिसेल?