सावलीतला तपास

'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' हे वाक्य आपण चहाच्या घोटाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. खाक्या म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. ते सगळ्यांना ठाऊक असते. तरीही आपल्यापुरता खटला तिथेच निकाली निघतो.

कायद्याला मात्र ही कबुली पुरत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यातल्या कलम 25 ने पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून बाद ठरवली. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम 23 मध्येही ती तरतूद कायम आहे. आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा ग्राह्य. एरवी कबुली द्यायची ती दंडाधिकाऱ्यापुढे. 'तुझ्यावर सक्ती नाही, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल,' हे त्याने आधी बजावायचे.

हा आरोपीवर उपकार नव्हे. 1872 च्या कायद्याचे शिल्पकार जेम्स स्टीफन यांनी भारतातल्या एका अनुभवी अधिकाऱ्याचे म्हणणे नोंदवले आहे. उन्हातान्हात पुरावा शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे कितीतरी सुखाचे, असा त्याचा आशय. म्हणजे छळाच्या मुळाशी क्रौर्याइतकाच आळसही असतो.

1999 च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने या नियमाला अपवाद केला. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरली. 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात अशा कबुल्यांवर मोठी भिस्त होती. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवले. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्या कबुल्या अविश्वसनीय मानून सर्वांना निर्दोष ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे काहीही ठरो, ज्यांची माणसे त्या संध्याकाळी घरी परतली नाहीत, त्यांनी 19 वर्षे वाट पाहिली आणि उत्तर हाती आले नाही.

प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बजावले. ते आवश्यकच. पण 'मी केले' हे शब्द टिपणारा कॅमेरा आदल्या रात्रीही चालू होता का, हे कुणीतरी विचारावे लागते. ते फक्त वकिलाने विचारून भागत नाही. कबुली ऐकूनच समाधान पावणारा समाज पोलिसांना पुरावा शोधण्याची गरजच ठेवत नाही.