शिफारशीचा अधिकार

माजरीच्या कोळसा खाणीची रात्रपाळी संपवून घरी निघालेली मंडळी चहाच्या टपरीवर टेकली, की नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाचा जो निवाडा तिथे होतो, त्यात ‘फार छान, जरूर बघा’ अशा बिनबुडाच्या शिफारशीला फारशी किंमत राहत नाही. २०२३ साली प्रदर्शित झालेल्या ‘मिशन रानीगंज’चेच पाहा. १९८९ च्या नोव्हेंबरात बंगालमधील महावीर खाणीत पाणी शिरून अडकलेल्या पासष्ट कामगारांना, जमिनीला छिद्र पाडून, त्यातून पोलादी पिंजरा सोडून, एकेक करून वर काढणारे आणि त्यासाठी स्वतः खाली उतरलेले अभियंते जसवंतसिंग गिल यांची ती कथा. ज्याने भूमिगत खाणीत गजाने छत ठोकून केवळ नादावरून धोका ओळखलेला असतो, तो प्रेक्षक नायकाच्या आवेशपूर्ण संवादांपेक्षा त्या पिंजऱ्याच्या रुंदीची चिकित्सा अधिक आस्थेने करणार, आणि माझ्या मते तो अभिप्राय वृत्तपत्रांतल्या ताऱ्यांहून अधिक ग्राह्य मानावा. चासनाला खाणीतल्या १९७५ मधील दुर्घटनेवर बेतलेल्या, १९७९ च्या ‘काला पत्थर’लाही हीच कसोटी लावावी, जुना असला तरी त्यातला रोष अद्याप ताजा आहे. दोहोंपैकी एकच पाहण्याइतकी सवड असेल तर मी ‘काला पत्थर’ सुचवीन. ‘रानीगंज’ पाहताना मात्र गाण्यांच्या वेळी चहाचे आधण ठेवायला उठलात, तरी हरकत नाही.